पाणी जातंय कुठं?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. ब्रॅम्पटनमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले होते, तरी बाहेर अजून ऊन रेंगाळत होतं. मुलांना जेवायला बसवलं आणि फोन वाजला. गावाकडे तेव्हा सकाळचे सहा. एवढ्या सकाळी आण्णांचा फोन आला की पोटात गोळा येतो. परदेशात राहणाऱ्यांना हा गोळा मी वेगळा समजावून सांगायला नको.

"सगळे बरे ना?" मी हॅलोच्या आधीच विचारलं.

"बरे हायेत रं सगळे. ट्रॅक्टर पानी पितोय."

जीव भांड्यात पडला. माणसाला काही झालेलं नव्हतं, ट्रॅक्टरला झालं होतं. पण आण्णांचा आवाज तसा नव्हता. रोज सकाळी रेडिएटर भरायचा आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर दोन लिटर पाणी कमी. खाली जमिनीवर थेंब नाही. गावातल्या मिस्त्रींनी बघून सांगितलं होतं, "हेड खोलावं लागेल. गॅस्केट गेलंय, नायतर हेडला तडा." खर्च साठ-सत्तर हजार, आणि आठ-दहा दिवस ट्रॅक्टर उभा. मृग तोंडावर आला होता. शेवगाव तालुक्यात आमची कोरडवाहूच जास्त, कपाशी आणि तूर. पहिल्या पावसानंतर वाफसा मिळतो तो दोन-चार दिवसांचा. तेवढ्यात ट्रॅक्टर उभा राहिला तर पेरणी दुसऱ्याच्या सवडीवर जाते.

मी लगेच म्हणालो, "पैसे टाकतो आजच. करून घ्या काम." आण्णा गप्प. मग मी पुढचं बोललो, जे दोन वर्षं मनात होतं. "नाहीतर विकून टाका ना आता. किती दिवस ओढणार? भाड्याने नांगरून घ्या."

पलीकडून बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग आण्णा म्हणाले, "पैसं नको. पानी कुठं जातंय तेवढं सांग. इंजिनियर झालास ना?"

मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे. आयुष्यात एक पाना धड फिरवलेला नाही. पण हा ट्रॅक्टर १९९७ साली कर्ज काढून घेतलेला. दिवसा स्वतःचं रान आणि रात्री दुसऱ्यांच्या नांगरटी करून आण्णांनी ते कर्ज फेडलं, आणि पुढे त्याच भाड्यातून माझी इंजिनियरिंगची फी भरली. "इंजिनियर झालास ना" यात टोमणा नव्हता. हिशोब होता.

बॉनेटवरचं नाव

आमचा ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन, १०३५. लहानपणी मला वाटायचं की मॅसी हे कुणा मद्रासी माणसाचं नाव असावं, कारण ट्रॅक्टर मद्रासहून यायचे. कॅनडात आल्यावर पहिल्यांदा टोरांटोच्या मॅसी हॉलसमोर उभा राहिलो तेव्हा कळलं, हे नाव इथलंच.

डॅनियल मॅसी या शेतकऱ्याने १८४७ मध्ये ऑन्टारिओतल्या न्यूकॅसल गावाजवळ शेती अवजारांचा कारखाना सुरू केला. १८७९ मध्ये तो टोरांटोला आला, १८९१ मध्ये ब्रँटफर्डच्या हॅरिस कंपनीशी एक झाला आणि मॅसी-हॅरिस हे नाव जगभर गेलं. मॅसी हॉल हे नाट्यगृह १८९४ चं, याच घराण्याने शहराला दिलेलं. १९५३ मध्ये हॅरी फर्ग्युसनची कंपनी त्यात आली, १९५८ पासून नाव मॅसी फर्ग्युसन झालं. १९५९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधली पर्किन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी घेतली आणि त्यांच्या ३५ नंबरच्या ट्रॅक्टरला पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसलं. १९६० मध्ये मद्रासला टाफे कंपनी उभी राहिली ती मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने. आमच्या १०३५ चं कूळ ते.

ब्रॅम्पटनही अवजारांचंच गाव. आज इथे साडेसहा लाखांवर वस्ती, ट्रकची कंपन्या आणि गोदामं. पण एकोणिसाव्या शतकात इथे हॅगर्ट बंधूंचा शेती अवजारांचा कारखाना होता आणि शहराचे पहिले महापौर त्याच कारखान्याचे जॉन हॅगर्ट. थोडक्यात, मला मदत मागायला जागा चुकीची नव्हती. फक्त दीडशे वर्षं उशीर झाला होता.

मदत मिळाली ती शेजाऱ्यांकडून. आमच्या शेजारचे पाजी मोगा जिल्ह्यातले. ट्रक चालवतात, पण गावी ट्रॅक्टरवर वाढलेले. त्यांना कुंपणाजवळ गाठून सगळं सांगितलं. त्यांनी हेडचं नावही काढलं नाही. म्हणाले, "पाण्याला इंजिनातून जायला तीनच रस्ते आहेत. बाहेर, ऑइलमध्ये, नाहीतर सायलेन्सरमधून. आधी कुठला रस्ता ते बघ. खोलायचं ते शेवटी."

हे वाक्य मला माझ्या धंद्यातलं वाटलं. आम्हीही बिघडलेला प्रोग्रॅम आधी उघडत नाही. आधी कुठे बिघडलेलं नाही ते ठरवतो. मग उरलेल्या जागेत शोधतो. आणि स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर. हेड खोलणं ही सगळ्यांत महाग तपासणी. शिवाय एकदा हेड उघडलं की गॅस्केट नवं घालावंच लागतं, दोष तिथे असो वा नसो.

ठरलं असं की रोज आण्णांच्या सकाळी सहाला, म्हणजे माझ्या रात्री साडेआठला, व्हिडिओ कॉल. रात्रभर उभं राहून इंजिन थंडगार असतं, त्यामुळे तपासायला वेळ उत्तम. फोन धरायला चुलत भावाचा मुलगा.

पहिली सकाळ: ऑइल

पाणी ऑइलमध्ये जात असेल तर ते सगळ्यांत वाईट. ऑइल पातळ होतं, बेअरिंग खातं आणि मग साठ हजारांत भागत नाही. म्हणून आधी तेच.

ऑइलची पट्टी काढून बघितली. काळंभोर ऑइल, पातळी बरोबर. पाणी मिसळलं असतं तर रंग दुधाळ, चहासारखा झाला असता आणि पातळी वर चढली असती. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत बोट फिरवलं, पांढरट साय नाही.

पण पट्टीवर एवढा विश्वास टाकू नये, असं पाजी म्हणाले होते. पाणी ऑइलपेक्षा जड. रात्रभर इंजिन उभं राहिलं की ते चेंबरच्या तळाशी जाऊन बसतं. म्हणून सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा खालचा नट हळूहळू सैल करायचा आणि पहिले थेंब बघायचे. आण्णा ट्रॅक्टरखाली सरकले. मला फक्त त्यांचे पाय आणि टाचांच्या भेगा दिसत होत्या. नट सैल झाला, खाली धरलेल्या स्टीलच्या वाटीत पडलं ते पहिल्या थेंबापासून काळं ऑइल. पाणी नाही.

"आईची वाटी हाय, तिला सांगू नको," आण्णा खालूनच म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

इथे एक सांगतो. काही इंजिनांत सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात उभे असतात, उदाहरणार्थ झेटरच्या. त्यांच्या तळाशी रबरी रिंगा असतात, त्या कुजल्या की पाणी सरळ चेंबरमध्ये उतरतं. पर्किन्सच्या जुन्या तीन सिलिंडरच्या इंजिनात लायनर कोरडे, पाण्याला त्यांचा स्पर्शच नसतो. आपलं इंजिन कुठल्या जातीचं, हे माहीत असलं की अर्धे संशय बसल्या जागी जातात.

दुसरी सकाळ: धूर आणि बुडबुडे

आता दुसरा रस्ता. हेड गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये फुटलं, किंवा हेडला तडा गेला, तर इंजिन चालताना सिलिंडरमधला जाळ-वायू पाण्यात घुसतो आणि बंद झाल्यावर पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. म्हणून सकाळी सुरू करताना एखादं सिलिंडर मिस मारतं, सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येत राहते. जास्त पाणी साचलं असेल तर स्टार्टर मारल्यावर इंजिन मध्येच अडकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तिथे जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. असं अडकल्यासारखं वाटलं तर परत स्टार्टर मारू नये.

आण्णांचा ट्रॅक्टर पहिल्या झटक्याला सुरू झाला. निळसर-काळा धूर, मग स्वच्छ.

मग बुडबुड्यांची तपासणी. थंड इंजिनावर रेडिएटरचं टोपण काढायचं, पाणी तोंडापर्यंत भरायचं, फॅनचा पट्टा उतरवायचा आणि इंजिन फक्त मिनिट-दीड मिनिट चालवायचं. पट्टा का उतरवायचा? तो वॉटर पंप फिरवतो. पंप फिरला की पाणी खळबळतं, मग गॅसचे बुडबुडे कुठले आणि खळबळीचे कुठले ते कळत नाही. पंप बंद असताना पाणी स्थिर पाहिजे. तरीही सतत, एका लयीत बुडबुडे आले तर तो सिलिंडरमधला वायू.

पोराने फोन रेडिएटरच्या तोंडावर धरला. पहिल्यांदा दोन-तीन बुडबुडे आले, माझ्या काळजात धस्स झालं. ती अडकलेली हवा होती. नंतर पाणी आरशासारखं. पाण्यात मला पोराचा चेहरा आणि त्याच्या मागचं लिंबाचं झाड दिसत होतं.

दोन रस्ते बंद. हेड खोलायची घाई नव्हती एवढं तरी कळलं. पाणी बाहेरच जात होतं, पण खाली थेंब नव्हता.

तिसरी सकाळ: मोजमाप

मी विचारलं, "आण्णा, पाणी भरता ते कुठवर?"

"काठोकाठ. कमी नको पडायला."

इथे मला माझी चूक कळली. दोन लिटर हा आकडा मी पहिल्या दिवशी ऐकला आणि तपासल्याशिवाय खरा धरला.

आजकालच्या गाड्यांना बाजूला पाण्याची वेगळी टाकी असते. गरम झालेलं पाणी फुगून त्यात जातं, थंड झाल्यावर परत येतं. जुन्या ट्रॅक्टरला ती नसते. रेडिएटरच्या गळ्याशी एक बारीक नळी, जास्तीचं पाणी तिथून सरळ जमिनीवर. म्हणजे सकाळी काठोकाठ भरलं की पहिल्या तासातच फुगलेलं पाणी त्या नळीने रानात पडणार. ते परत येणार नाही. संध्याकाळी पातळी खाली दिसणार, आणि सकाळी माणूस परत काठोकाठ भरणार. अशा ट्रॅक्टरमध्ये गळ्याखाली बोटभर-दीड बोट जागा मोकळी ठेवायची असते. आतल्या नळ्या पाण्याखाली बुडलेल्या असल्या म्हणजे झालं.

आण्णांनी ज्वारीचं ताट मोडून त्याची पट्टी केली, खिळ्याने तिच्यावर खूण केली. खुणेपर्यंतच पाणी. आणि भरायचं ते मोजून, लिटरच्या बाटलीने. दिवसभर पाळी घातली. दुसऱ्या सकाळी भरलं तर लागलं एक लिटर.

म्हणजे दोनातला एक लिटर आम्हीच सांडत होतो. पण दुसरा लिटर खरा होता.

चौथी सकाळ: पांढरी रेघ

ट्रॅक्टरखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. सकाळी कोरडा. होज पाइप दाबून बघितले, क्लिपा बघितल्या, रेडिएटरचा तळ चाचपला. काही नाही.

पाजींना सांगितलं तर म्हणाले, "चालू असतानाच गळत असेल. गरम लोखंडावर थेंब पडला की उडून जातो. वर पंख्याचा वारा. खाली काय पडणार?" इथल्या गॅरेजमध्ये अशा वेळी पाण्यात एक रंग टाकतात. तो निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकतो, आणि गळती जिथून सुरू होते तिथून रंगाची वाट दिसते. गावात तो दिवा कुठून आणायचा?

पण आमच्याकडे त्याहून सोपी गोष्ट होती. आमच्या बोअरचं पाणी. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ज्याने तांब्याच्या आतून पांढरा थर धरतो, तेच पाणी आम्ही जवळजवळ तीस वर्षं या इंजिनाला पाजलं. पाणी उडून जातं, क्षार राहतात. जिथून ते गळत असेल तिथे पांढरी रेघ असणारच.

मी म्हणालो, "आण्णा, इंजिनच्या पुढच्या तोंडावरची माती ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने झाडा. आणि पांढरं कुठं दिसतं ते बघा."

ब्रश फिरला, तीस वर्षांची माती आणि ग्रीस सुटत गेलं. पोराने मोबाईलची बॅटरी मारली. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक आहे, तिथून एक पांढरट, तांबूस कडेची रेघ खाली उतरून मागे ब्लॉककडे गेलेली. पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकललेली.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर एक सील असतं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून त्याला बाहेरची वाट दिलेली. ते भोक म्हणजे पंपाने दिलेली खबर. लोक कधीकधी तिथे एम-सील लावून ते बुजवतात, तसं करू नये. मग पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं, दांडा डुगडुगायला लागतो आणि एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो.

इंजिन बंदच होतं. आण्णांनी पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं. थोडी डुगडुग होती. "सापडलं," मी म्हणालो.

आण्णा म्हणाले, "रेघ सापडली. गळताना बघितलंय का तू?"

बरोबर होतं त्यांचं. रेघ जुनीही असू शकते.

पाचवी सकाळ: मिस्त्री

मिस्त्रीकाकांना बोलावलं. मला वाटलं रागावतील, की कॅनडात बसून कुणीतरी आपलं काम तपासतंय. तसं काही झालं नाही. सगळं ऐकून घेतलं, रेघेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "दाब देऊन बघू."

इथे ब्रॅम्पटनमध्ये रेडिएटरला दाब द्यायचा छोटा पंप ऑटो पार्ट्सच्या दुकानात अनामत ठेवून मिळतो. मिस्त्रीकाकांनी घरून स्वतःचं यंत्र आणलं. एक जुनं टोपण, त्याला भोक पाडून बसवलेला ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि घड्याळवाला सायकलपंप. टोपणावर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढाच द्यायचा, जास्त दिला तर चांगला रेडिएटरही फाटतो.

दाब कशाला, तेही सांगतो. कुकरचं झाकण लावल्यावर आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच रेडिएटरचं. टोपणातली स्प्रिंग दाब धरून ठेवते, म्हणून पाणी लवकर उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचं टोपण काढू नये. दाब सुटला की पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. आमच्या गावात एकाच्या छातीवर त्याची खूण आहे.

पाच-सहा वेळा पंप मारला. काटा चढला आणि हळूच खाली यायला लागला. पोराने फोन पंपाच्या भोकाजवळ नेला. एक थेंब आला, लोंबला, पडला. मग दुसरा. थंड इंजिनावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मिस्त्रीकाकांनी मग ट्रॅक्टरचं नेहमीचं टोपण हातात घेऊन उलटं केलं. रबर कडक होऊन चिरलेलं. "हे बी गेलंय. दाबच धरत नव्हतं." म्हणजे दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते. टोपण दाब धरत नव्हतं, म्हणून पाणी उन्हात लवकर उकळत होतं आणि नळीतूनही जात होतं. ट्रॅक्टर तापतोय आणि पाणी कमी होतंय, ही दोन लक्षणं एकत्र आली की कुणालाही आधी हेडच आठवतं. मिस्त्रीकाकांचा अंदाज वेडेपणाचा नव्हता. हंगामात त्यांच्या दारात दहा ट्रॅक्टर उभे असतात, पाच सकाळी एका ट्रॅक्टरला द्यायला त्यांच्याकडे वेळ कुठून येणार? आणि असंच महिनाभर चाललं असतं तर इंजिन तापून तापून हेड खरंच वाकलं असतं.

दोषही इंजिनाचा नव्हता. जड पाणी आम्ही पाजलं, टोपण कधी बदललं ते घरात कुणाला आठवत नव्हतं.

पंपाचा किट, नवीन टोपण, पट्टा आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झालं. दुपारी जेवणाच्या आधी ट्रॅक्टर सुरू. पुढचे दोन दिवस पाणी थोडं थोडं कमी झालं, आण्णा परत काळजीत. ती आत अडकलेली हवा बाहेर पडत होती. तिसऱ्या दिवशी ताटाच्या पट्टीवरची खूण ओली राहिली, चौथ्या दिवशीही.

इथलं पाणी, तिथलं पाणी

एवढं झाल्यावर आण्णांनी विचारलं, "तुमच्याकडं तर पानी गोठतं. मग इंजिनात काय घालता?"

माझ्या इथल्या पहिल्या थंडीत मलाही हे कुणीतरी शिकवलं होतं. गोठताना पाणी फुगतं आणि लोखंडी ब्लॉकही फोडतं. म्हणून इथे कुणी साधं पाणी घालत नाही. ग्लायकोलचं कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. शिवाय इथे बऱ्याच गाड्यांना ब्लॉक हीटर असतो, रात्री घराच्या प्लगला जोडून ठेवायचा. ब्लॉकवर पत्र्याच्या वाट्यांसारखे गोल प्लग बसवलेले असतात, त्यांना इथे लोक गोठण्याचे प्लग म्हणतात. खरं तर ते गोठण्यासाठी नसतातच. ब्लॉक ओतताना आत राहिलेली वाळू काढायला ती भोकं ठेवलेली असतात. मात्र गंजून गळतात ते प्लगही, तेव्हा गळती शोधताना त्यांच्या कडाही बघाव्यात.

"आपल्याकडं कशाला लागतंय? आपल्याला काय बर्फ पडतोय?" आण्णा म्हणाले.

मी सांगितलं, कूलंट फक्त थंडीसाठी नाही. त्यात गंज न लागण्याची औषधं असतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण बोअरचं पाणी आहे. क्षारांचा थर आत बसला की लोखंडाची उष्णता पाण्यात उतरत नाही, पंपाचं सील घासतं, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. कूलंट परवडत नसेल तर निदान पावसाचं गाळून ठेवलेलं किंवा आरओचं पाणी वापरून त्यात गंजरोधक टाकावं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो तो असा.

एक मात्र बजावून सांगितलं. ग्लायकोल गोड असतं आणि विषारी. काढलेलं कूलंट बादलीत उघडं ठेवलं तर कुत्रं, वासरू ते पिऊन जातं. गोठ्याजवळ तर अजिबात नको.

आण्णांनी रेडिएटर धुऊन घेतला. निघालेलं पाणी वीटकरी रंगाचं होतं. मग हिरवं कूलंट भरलं.

सप्टेंबर

मृगाचा पाऊस चुकला, आर्द्रात आला. कपाशी वेळेत लागली. आमचीच नाही, शेजारच्या दोघांचीही आण्णांनी सरी पाडून दिली.

जमिनीचं पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही. मी परत कधी जाणार, जाणार का, हे मला माहीत नाही. आण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. पण त्या पाच सकाळींत एक गोष्ट मला कळली. मी पहिल्या मिनिटाला पैसे टाकतो म्हणालो, कारण पैसे पाठवायला दोन मिनिटं लागतात. आण्णांनी मागितल्या होत्या पाच सकाळी.

सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन ब्रॅम्पटनच्या फॉल फेअरला गेलो. ही जत्रा आता शहराच्या उत्तरेला कॅलेडनमध्ये भरते, भरवणारी शेतकी संस्था १८५३ सालची. भोपळे, गायी, घोडे, आणि एका ओळीत जुने ट्रॅक्टर. त्यात एक मॅसी ३५, लाल बॉनेट, राखाडी इंजिन. आमच्या १०३५ चा आजा म्हणावा असा. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे संध्याकाळ, आण्णा ओट्यावर बसलेले.

ट्रॅक्टरचा मालक, ऐंशीच्या पुढचा एक शेतकरी, खुर्ची टाकून बसला होता. माझ्या वडिलांकडे याच्याच घरातला ट्रॅक्टर आहे, म्हटल्यावर त्याने हौसेने बॉनेट उघडलं आणि फोनकडे हात हलवला. आण्णांनीही हात हलवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

आण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "पंपाखाली दाखव जरा."

मी फोन खाली नेला. स्वच्छ, कोरडं.

"बराय. आता टोपण कधी बदललं ते विचार त्याला."